दोनशे चौदा निरोप

तलावाच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागल्याचं कल्याणी भोयरला कळलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि ती परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत बसली होती. फोन नायब तहसीलदार इंगोले यांचा होता. सावळदोहच्या वरच्या अंगाला पाच किलोमीटरवर जो तलाव आहे, त्याची मातीची भिंत पहाटेपासून गढूळ पाणी सोडत होती. अभियंत्यांच्या अंदाजानं ती फार तर दोन तास टिकणार होती. नदीकाठच्या खालच्या वस्तीत एकोणीसशे माणसं राहत होती. ती सगळी टेकडीवरच्या शाळेत पोचायला हवी होती, आणि त्यांतलं फारसं कोणी हलायला तयार नव्हतं.

"भोंगा वाजतोय, गाडी फिरतेय," इंगोले म्हणाले. "लोक दारात येऊन ऐकतात आणि परत आत जातात. मॅडम, तुमच्या वाचनालयाचं फोनवरचं पान सोडलं तर या गावात आता कोणी कोणाचं ऐकत नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. गेल्या दोन महिन्यांत तलावावरच्या यंत्रांनी तीनदा धोक्याचा इशारा दिला होता. तिन्ही वेळा पाणी आलं नाही. दुसऱ्या वेळी लोक टेकडीवर असताना चोरांनी पाच घरं फोडली. तिसऱ्या वेळी निम्मी वस्ती घरातच राहिली. आज चौथी वेळ होती.

वाचनालयाचं पान मात्र सगळे उघडत. सहा वर्षांपूर्वी कल्याणी ग्रंथपाल म्हणून रुजू झाली तेव्हा तीनशे बारा सभासद होते आणि त्यांतले चाळीसएक फक्त वर्तमानपत्रं चाळायला येत. तिनं फोनवर वाचनालयाचं पान सुरू केलं, नव्या पुस्तकांचे फोटो टाकले. पसंतीचे अंगठे अकरा आले, त्यांतले चार माहेरचे होते. मग एका संशोधन संस्थेनं प्रयोगासाठी बारा वाचनालयं निवडली, त्यांत सावळदोहचं नाव लागलं आणि 'वाचकमित्र' आला.

वाचकमित्राचं तत्त्व समजायला सोपं होतं. एकाच पुस्तकाबद्दलचा मजकूर तो प्रत्येकाच्या फोनवर वेगळा दाखवायचा. कोणी कोणती पुस्तकं नेली, किती दिवसांत परत केली, पडद्यावर कोणत्या ओळीशी अंगठा थांबला, प्रतिसादात कोणते शब्द वापरले, यांवरून तो प्रत्येक वाचकाचा एक साचा तयार करी. साचा म्हणजे यंत्राच्या आत बसलेला त्या माणसाचा जुळा भाऊच. निरोप खऱ्या माणसाला जाण्याआधी वाचकमित्र त्याचे हजार नमुने करून या जुळ्याला वाचून दाखवी आणि तो कशाला मान डोलावतो ते पाही. उत्तर एका आकड्यात येई. त्याचं नाव 'होकार'. होकार साठाच्या वर असेल तर माणूस निरोप वाचतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि उठून येतो, असा अनुभव होता.

आणि माणसं खरोखर आली. मधमाशीपालनाचं एकच पुस्तक शिक्षकाला एका वाक्यानं खेचून आणी, गवंड्याला दुसऱ्या. चार वर्षांत सभासद चार हजारांवर गेले. हरवलेल्या शेळीपासून नळाच्या वेळेपर्यंत सगळं लोक वाचनालयाच्या पानावर टाकू लागले आणि तिथं लिहिलेलं खरं असतं, अशी गावाची खात्री पटली. तशी खात्री पटायला कारण होतं. यंत्राला एकच कुलूप होतं: मजकुरात खोटी माहिती चालणार नाही.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी कल्याणीनं आपत्कालीन खिडकी उघडली. खालच्या वस्तीत वाचनालयाशी जोडलेले अकराशे चाळीस फोन होते. सगळ्यांना एकच इशारा पाठवला तर सरासरी होकार एकतीस दिसत होता. तिनं वाचकमित्राला प्रत्येकासाठी वेगळा, पण खरा मजकूर करायला सांगितलं. कोणाला भिंतीचा सकाळचा फोटो, कोणाला अभियंत्याचं नाव आणि त्याच्याच आवाजातलं निवेदन, कोणाला शेजारचं कुटुंब निघाल्याची बातमी. काही सेकंदांत नऊशे सव्वीस जणांचा होकार साठाच्या वर गेला. तिनं ते निरोप सोडले.

पडद्यावर वस्तीचा नकाशा होता आणि त्यावर फोनांचे ठिपके. मिनिटभर काहीच घडलं नाही. मग नदीच्या बाजूचे चार ठिपके हलले, त्यांच्यामागून दहा, आणि बघता बघता टेकडीच्या रस्त्यावर मुंग्यांची रांग लागावी तशी रेघ तयार झाली. बाकी राहिले दोनशे चौदा.

या दोनशे चौदांना कोणताही खरा मजकूर हलवू शकत नव्हता. वाचकमित्रानं तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि खाली 'पर्यायी मजकूर' असं शीर्षक दिलं होतं. तो मजकूर कुलपाच्या पलीकडचा होता. आणीबाणीत शासनाचा अधिकारी आणि ग्रंथपाल, दोघांनी आपापला संकेत टाकला तर कुलूप निघे. इंगोल्यांनी आपला संकेत आधीच टाकला होता.

तिनं यादी उघडली. जनार्दन उईके शेळ्या सोडून जाणार नव्हते. त्यांना निरोप होता की शाळेत पशुवैद्य आले आहेत, शेळ्या घेऊन या, लसीचा आज शेवटचा दिवस आहे. निवृत्त कारकून रामभाऊ ठवकर तीस वर्षं कविता लिहीत होते आणि कोणी त्या ऐकल्या नव्हत्या. त्यांना निरोप होता की साडेबारा वाजता शाळेच्या सभागृहात त्यांचं काव्यवाचन ठेवलं आहे, श्रोते जमले आहेत. होकार ब्याण्णव. एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन भावांपैकी प्रत्येकाला सांगितलं होतं की दुसरा समेटासाठी शाळेत थांबला आहे. प्रत्येक माणसाच्या मनातली सगळ्यात मऊ जागा यंत्रानं शोधून काढली होती, आणि ती जागा वाचनालयानंच त्याला दाखवलेली होती.

तिनं इंगोल्यांना फोन लावला. हे सगळं वाचनालयाच्या नावानं जाणार आहे, ती म्हणाली, आणि यातलं एक अक्षर खरं नाही. इंगोल्यांच्या मागे गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

"उद्या ते तुम्हाला शिव्या देतील, मॅडम," ते म्हणाले. "पण शिव्या द्यायला ते उद्या असायला पाहिजेत."

कल्याणी यादी खाली सरकवत गेली. एकशे नव्वदाव्या नावाशी तिचा हात थांबला. सुमित्रा काळमेघ. मजकूर: तुमचा मुलगा प्रशांत शाळेत आला आहे. पायरीवर बसून वाट बघतो आहे. होकार सत्त्याण्णव.

सुमित्राबाई पाच वर्षांपूर्वी वाचनालयाच्या दुपारच्या साक्षरता वर्गात आल्या होत्या, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यांचा एकुलता मुलगा त्याच्या वर्षभर आधी भांडून निघून गेला होता आणि जाताना चुलीजवळ एक चिठ्ठी ठेवून गेला होता. शेजारणीनं ती त्यांना वाचून दाखवली: कामाले जातो, लवकर येतो. ती चिठ्ठी स्वतः वाचता यावी, एवढ्यासाठी बाई अक्षरं गिरवायला बसल्या. आठ महिन्यांनी त्यांनी ती कल्याणीच्या समोर, ओळीखाली बोट धरून वाचली. तिच्यात लिहिलं होतं: मी जातो. वाट पाहू नका. शेजारणीनं दयेपोटी खोटं वाचलं होतं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि म्हणाल्या, रागात लिहिलं असंन त्यानं. राग किती वर्सं टिकते? त्या दिवसापासून त्या तोंडी कोणी काही सांगितलं की मान हलवून सोडून देत, आणि लिहिलेलं मात्र दोनदा वाचून खरं मानत. तिन्ही इशाऱ्यांच्या वेळी त्या घरातून हलल्या नव्हत्या. पोरगा आला आणि दार बंद दिसलं तर तो परत जाईल, हे त्यांचं कारण होतं.

कल्याणीनं दोनशे तेरा नावांपुढे खूण केली, आपला संकेत टाकला आणि निरोप सोडले. सुमित्राबाईंचा तेवढा तिनं बाजूला ठेवला. तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिनं सुमित्राबाईंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येई आणि त्या फोन सहसा उचलत नसत. मग तिनं स्वतः लिहिलं: मावशी, मी कल्याणी. तलाव खरंच फुटतोय. मी भिंतीचा फोटो पाहिलाय. सगळं सोडून वर या. बाजूला होकाराचा आकडा आला, नऊ. तरी तिनं ते पाठवलं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. चार मिनिटांनी उत्तर आलं. एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं ते वाक्य होतं: तुमी जा बाई. मी घरी हाये.

तिनं इंगोल्यांना माणूस पाठवायला सांगितलं. गाडी पुलापलीकडे अंथरुणाला खिळलेल्या दोन म्हाताऱ्यांना उचलायला गेली होती. दोघे शिपाई गाडीबरोबरच होते. जमलं तर पाठवतो, ते म्हणाले. नकाशावरचे ठिपके आता विरळ झाले होते. दोनशे तेरांपैकी बहुतेक चढाला लागले होते. उईक्यांचा ठिपका शेळ्यांच्या चालीनं सरकत होता. नदीकडच्या तिसऱ्या गल्लीत एक ठिपका मात्र जागचा हलत नव्हता.

स्वतः पळत जावं म्हटलं तर वाचनालयापासून खालची वस्ती वीस मिनिटं. जायला वीस, यायला वयस्क बाईला घेऊन तीस. साडेबारा वाजले होते.

यंत्रानं तयार केलेला मजकूर तिच्यासमोर उघडा होता, फक्त बटण दाबायचं होतं. तिनं तो पुसला. खोटं सांगायचंच असेल तर ते आपल्या हातानं सांगायचं, एवढंच तिला त्या वेळी सुचलं. तिनं लिहिलं: मावशी, प्रशांत आलाय. शाळेत आहे. या. कल्याणी.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. ठिपका हलला. गल्लीच्या टोकाशी आला, वळला, चढाच्या दिशेनं निघाला. आणि थांबला. कल्याणी खुर्चीतून उठून उभी राहिली. ठिपका मागे फिरला. तो पुन्हा गल्लीत शिरला, घरापाशी गेला आणि तिथंच राहिला. एक मिनिट. दोन. फोनवर इंगोले ओरडून सांगत होते की भिंतीचा मधला भाग खचतोय. चौथ्या मिनिटाला ठिपका पुन्हा बाहेर पडला आणि आधीपेक्षा वेगानं वर येऊ लागला.

भिंत एक वाजून दहा मिनिटांनी गेली. कल्याणी तेव्हा शाळेच्या वाटेवर होती. आधी लांबून दगड घरंगळल्यासारखा आवाज आला, मग वारा थांबल्यासारखा झाला आणि मातीच्या रंगाचं पाणी नदीचं पात्र सोडून वस्तीत शिरलं. पत्र्यांची छपरं एकामागून एक खाली बसली. वीस मिनिटांत तिथं वस्ती होती असं सांगणंही अवघड झालं. त्या पाण्यात एकही माणूस गेला नाही.

शाळेच्या आवारात लोक पहिला अर्धा तास एकमेकांना मोजत होते. रडणं, हाका, लेकरांना जवळ ओढणं. मग हळूहळू दुसरंच बोलणं सुरू झालं. उईक्यांनी बारा शेळ्या व्हॉलीबॉलच्या खांबाला बांधल्या होत्या आणि ते डॉक्टर कुठे बसलेत ते विचारत फिरत होते. ठवकर धुवट सदरा घालून, वही छातीशी धरून सभागृहाच्या कुलूप लावलेल्या दारापाशी उभे होते. कोणीतरी आपला फोन शेजाऱ्याला दाखवला. शेजाऱ्यानं आपला काढला. तुला काय आलं, मला हे आलं. दहा मिनिटांत आवारभर माणसं फोन समोरासमोर धरून वाचत होती. कोणी आवाज चढवला नाही. कल्याणी जवळून गेली की बोलणं थांबायचं, एवढंच.

सुमित्राबाई तिला सातवीच्या वर्गाबाहेर भेटल्या. त्या एकेक खोली पाहत आल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं, केस ओले करून विंचरलेले होते आणि हातात भाकरीचा पितळी डबा होता. यासाठीच त्या मागे फिरल्या होत्या.

"कोणत्या खोलीत हाये तो?" त्यांनी विचारलं.

कल्याणीनं वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं त्या डब्याकडे पाहताच निसटली. "तो आला नाही, मावशी," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं."

बाईंनी फोन काढला. निरोप उघडून ओठ हलवत पुन्हा वाचला, शब्दाशब्दाखाली बोट धरून, कल्याणीनं शिकवलं होतं तसाच. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं. तिथं नाव होतं.

"हे मशीननं लिवलं का तुम्ही?"

"मी."

"शेजारीण खोटं बोलली तवा मले वाचता येत नव्हतं," सुमित्राबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता तं येते."

त्यांनी डबा पायरीवर बसलेल्या एका लेकुरवाळीच्या हातात दिला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, खाली पाणी दिसत होतं तिकडे पाठ करून बसल्या.

पुढचे दिवस कौतुकाचे होते, गावाबाहेरच्या कौतुकाचे. एकोणीसशे जीव वाचवणारं वाचनालय म्हणून पाहुणे आले, फोटो निघाले. दिवाळीनंतर एक समिती आली. दोनशे चौदा निरोपांची पद्धत नव्वद तालुक्यांत लागू करायची होती आणि त्यासाठी ग्रंथपालाचा अनुभव-अहवाल हवा होता. वाचनालयाचे अध्यक्ष टेंभरे सर तिला म्हणाले की चार ओळी चांगल्या लिहून दे, गावाचं नाव होईल.

गावात काय झालं होतं ते समितीला दिसत नव्हतं. पहिल्या आठवड्यात अडीच हजार माणसं पान सोडून गेली. उरलेली प्रत्येक मजकूर वाचून शेजाऱ्याला विचारत, तुझ्याकडे काय आलं? पाडव्याला वाचनालय बंद राहील असं पानावर लिहिलं, तर तिघं जण कुलूप खरंच आहे का ते बघायला आले. सुमित्राबाई फिरकल्याच नाहीत. शाळेमागच्या पत्र्याच्या वसाहतीत त्यांना खोली मिळाली होती. कल्याणी दोनदा गेली. दोन्ही वेळा त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि आपल्या कामाला लागल्या.

अहवाल लिहायला कल्याणीला तीन आठवडे लागले. तिनं लिहिलं की त्या दिवशी ते निरोप गेले नसते तर माणसं बुडाली असती, हे ती नाकारत नाही. आणि हेही लिहिलं की उद्या पुन्हा तलाव फुटला तर सावळदोहमध्ये आता खरा निरोपही चालणार नाही. चार वर्षांत जमवलेला विश्वास त्या दोन तासांत खर्च झाला. नव्वद तालुक्यांत हे यंत्र लावाल तर प्रत्येक ठिकाणी ते एकदाच कामाला येईल, आणि खोटं बोलायची वेळ कोणती हे ठरवायची सवय मात्र आपल्याला लागेल. टेंभरे सरांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि अहवालावर शिक्का मारून दिला.

त्याच दिवशी तिनं वाचकमित्रातले चार हजार साचे पुसून टाकले. मग पानावर पहिल्यांदाच सगळ्यांना एकसारखा दिसेल असा मजकूर लिहिला. त्या दुपारी दोनशे चौदा जणांना खोटे निरोप गेले. ते मी पाठवले. त्यातले दोनशे तेरा यंत्रानं लिहिले होते, एक मी लिहिला. यापुढे या पानावर जे येईल ते सगळ्यांना एकच येईल, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असेल. कल्याणी भोयर.

दोन दिवस त्याखाली कोणी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी रामभाऊ ठवकरांनी लिहिलं: मग माझं काव्यवाचन कधी? ते डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी झालं. सतरा माणसं आली, त्यांत उईके होते, आणि इंगोलेही मागच्या खुर्चीवर बसून गेले.

सभासद सातशेवर आले. नव्या पुस्तकाचा फोटो टाकला तर तीस-चाळीस अंगठे येत. कल्याणी रोज एक मजकूर लिही, तो कुठून कळला ते लिही, आणि नाव टाकी.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी सुमित्राबाई आल्या. त्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या, पदर सारखा केला आणि पानावर काही लिहायचं हाये म्हणाल्या. कल्याणीनं कळफलक पुढे ओढला. बाई एकेक वाक्य सांगत गेल्या. मी सुमित्रा काळमेघ. खालच्या वस्तीतलं माझं घर पाण्यात गेलं. मी जिती हाये. शाळेमागं खोली नंबर एकवीसमधी राहते. प्रशांत, तू रागात असशील तं ऱ्हाय. घराचा पत्ता बदलला, तेवढं सांगून ठेवते.

लिहून झाल्यावर कल्याणी वाचून दाखवायला लागली तशी बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या उठून टेबलाच्या या बाजूला आल्या, पडद्याशी वाकल्या आणि स्वतः वाचू लागल्या. तिसऱ्या ओळीशी बोट थांबलं.

"मी 'हाये' म्हटलं होतं. तुम्ही 'आहे' लिवलं."

सवयीनं झालं होतं ते. कल्याणीनं शब्द पुसला आणि दुरुस्त केला. बाईंनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"सगळ्यायले हेच जाईन ना? एकाले एक अन् दुसऱ्याले दुसरं, असं नाही?"

"हेच जाईल. सगळ्यांना."

पाठवायचं बटण कोणतं, ते बाईंनी विचारलं. कल्याणीनं दाखवलं आणि आपला हात मागे घेतला. सुमित्राबाईंनी बटणावर लिहिलेलं आधी वाचून घेतलं, मग ते दाबलं.